भारताच्या पश्चिम भूखंडसीमेवरील खचद्रोणी : समान उगम, भिन्न उत्क्रांती

गोषवारा : कच्छपासून केरळपर्यंत पसरलेली भारताची पश्चिम भूखंडसीमा गोंडवन महाखंडाच्या विभाजनातून निर्माण झाली. या सीमेवर कच्छ, खंबायत, नर्मदा, मुंबई सागरी क्षेत्र आणि कोकण-केरळ अशा अनेक खचद्रोणी आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी भूकवचाचे ताणले जाणे ही एकच प्रक्रिया असली तरी त्यांचा पुढील इतिहास, त्यांतील खनिजसंपत्ती आणि त्यांची भूकंपप्रवणता यांत लक्षणीय भिन्नता आढळते. प्राचीन खडकांची ठेवण, ताणाचा काळ, ज्वालामुखीक्रिया, गाळाचा पुरवठा आणि नंतरचा दाब या पाच घटकांच्या आधारे सदर भिन्नतेचे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : खचद्रोणी, निष्क्रिय भूखंडसीमा, प्रस्तरभंग, व्युत्क्रमण, कच्छ, खंबायत, मुंबई हाय.

१. प्रस्तावना

नकाशावर पाहिले असता भारताचा पश्चिम किनारा कन्याकुमारीपासून मुंबईपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत गेलेला दिसतो. त्याच्या उत्तरेस मात्र खंबायत आणि कच्छ ही दोन आखाते भूमीत खोलवर शिरलेली आढळतात. द्वीपकल्पावरील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असताना नर्मदा आणि तापी या दोन नद्या पश्चिमेकडे वाहतात. ही सर्व वैशिष्ट्ये शालेय भूगोलात स्वतंत्रपणे शिकविली जातात. वस्तुतः ती एकाच भूवैज्ञानिक घटनाक्रमाची दृश्य रूपे आहेत.

याच किनारपट्टीवर आणखी काही विसंगती दिसून येतात. अंकलेश्वर आणि मुंबई हाय येथे खनिज तेलाचे मोठे साठे मिळाले. केरळच्या सागरी क्षेत्रात विहिरी खोदूनही तसे यश आले नाही. कच्छमध्ये १८१९ आणि २००१ साली विनाशकारी भूकंप झाले. त्याच्या शेजारच्या खंबायत द्रोणीत तेवढ्या तीव्रतेचा भूकंप नोंदलेला नाही. एकाच महाखंडापासून तुटलेल्या एकाच सीमेवर अशी भिन्नता का असावी, हा प्रश्न भूविज्ञानाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. ऊर्जा, भूजल, नगररचना आणि आपत्ती व्यवस्थापन या सर्व विषयांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

२. खचद्रोणी : संकल्पना आणि अवस्था

भूकवच दोन बाजूंनी ताणले गेले की ते पातळ होते आणि त्यात प्रस्तरभंग निर्माण होतात. दोन समांतर प्रस्तरभंगांमधील भाग खाली खचला म्हणजे खचदरी तयार होते. या दरीत नद्या, सरोवरे आणि पुढे समुद्र गाळ आणून टाकतात. गाळाने भरत जाणाऱ्या अशा खोलगट भागास खचद्रोणी असे म्हणता येईल.

खचद्रोणीच्या जीवनक्रमात सामान्यतः तीन अवस्था मानल्या जातात. पहिल्या अवस्थेत प्रस्तरभंग सक्रिय असतात, जमीन झपाट्याने खचते आणि कडेच्या उंचवट्यांवरील भरड गाळ दरीत येऊन पडतो. पूर्व आफ्रिकेतील खचदरी आज या अवस्थेत आहे. दुसऱ्या अवस्थेत ताण वाढून भूखंड पूर्णपणे विभागले जातात आणि मध्ये नवे सागरी कवच तयार होऊ लागते. तांबडा समुद्र हे या अवस्थेचे परिचित उदाहरण होय. तिसऱ्या अवस्थेत दुभंगलेल्या भूखंडाची कडा तप्त पट्ट्यापासून दूर जाते, हळूहळू थंड होते आणि थंड झाल्यामुळे अधिक जड होऊन सावकाश खचत राहते. या अवस्थेत प्रस्तरभंगांची हालचाल मंदावते, समुद्र भूमीवर पसरतो आणि गाळाचे विस्तृत थर साचतात. अशा कडेला निष्क्रिय भूखंडसीमा असे नाव आहे.

तथापि प्रत्येक खचद्रोणी या तिन्ही अवस्थांमधून जातेच असे नाही. काही द्रोणींमधील ताण मध्येच थांबतो आणि त्या अपूर्ण राहतात. काहींवर नंतरच्या काळात दाब येतो आणि ज्या प्रस्तरभंगांवरून जमीन खाली गेली होती, त्याच प्रस्तरभंगांवरून ती वर उचलली जाते. या उलट हालचालीस व्युत्क्रमण म्हणतात. भारताच्या पश्चिम सीमेवर अपूर्ण, पूर्ण आणि व्युत्क्रमित अशा तिन्ही प्रकारच्या द्रोणी आढळतात.

३. पश्चिम सीमेची पूर्वपीठिका

भारतीय द्वीपकल्पाचा पाया कँब्रियनपूर्व काळातील अतिप्राचीन खडकांचा आहे. या खडकांत वलीकरण आणि भ्रंशनामुळे काही ठळक दिशा निर्माण झाल्या. अरवली पर्वतरांगेची ईशान्य-नैऋत्य, धारवाड खडकांची वायव्य-आग्नेयेकडे झुकलेली उत्तर-दक्षिण आणि सातपुड्याची पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य अशा या तीन दिशा होत. लाकूड फोडताना ज्याप्रमाणे ते तंतूंच्या दिशेने सहज फाटते, त्याप्रमाणे ताण आल्यावर भूकवच या जुन्या दुर्बल रेषांवरच फाटले. पश्चिम भारताच्या द्रोणींचा दीर्घकाळ अभ्यास केलेले भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांनी १९८२ आणि १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत ही मांडणी विस्ताराने केली. त्यांच्या मते कच्छची द्रोणी अरवली-दिल्ली दिशेस, खंबायतची धारवाड दिशेस आणि नर्मदेची सातपुडा दिशेस अनुसरून निर्माण झाली. तसेच हे भ्रंशन एकाच वेळी झाले नाही. कच्छमध्ये ते ट्रायासिक काळाच्या अखेरीस अथवा जुरासिकच्या आरंभी, खंबायतमध्ये क्रिटेशसच्या पूर्वार्धात आणि नर्मदेत क्रिटेशसच्या उत्तरार्धात, असे टप्प्याटप्प्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेले.

भूखंड विलग होण्याचा क्रमही असाच टप्प्याटप्प्याचा होता. भारत, मादागास्कर आणि सेशेल्स यांचा एकत्रित भूभाग जुरासिक काळात आफ्रिकेपासून दूर होऊ लागला. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून अलग झाला. कर्नाटकात उडुपीजवळील सेंट मेरी बेटांवरील ज्वालामुखी खडक या घटनेशी निगडित मानले जातात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले आणि त्यानंतर लवकरच, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्स भारतापासून विलग झाले. म्हणजेच किनाऱ्याच्या दक्षिण भागाची कडा मादागास्करपासून, तर उत्तर भागाची आजची कडा त्यानंतर सुमारे अडीच कोटी वर्षांनी सेशेल्सपासून तुटताना घडली. एका रेषेत दिसणाऱ्या या किनाऱ्याचे वय सर्वत्र सारखे नाही, ही बाब या विवेचनात मूलभूत आहे.

४. कच्छ : व्युत्क्रमित द्रोणी

कच्छ ही या सीमेवरील सर्वांत जुनी खचद्रोणी होय. उत्तरेस नगर पारकर आणि दक्षिणेस सौराष्ट्राचा उत्तर भाग यांमधील भूभाग खचून येथे समुद्र शिरला. मध्य जुरासिक ते पूर्व क्रिटेशस या काळात चुनखडक, शेल आणि वालुकाश्म यांचे जाड थर साचले. या थरांतील अमोनाइटांचे विपुल जीवाश्म एकोणिसाव्या शतकापासून जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहेत. द्रोणी गाळाने भरत असतानाच येथील ताण मंदावला. भूखंड फुटण्याची रेषा दक्षिणेकडे व पश्चिमेकडे सरकल्यामुळे कच्छची खचदरी अपूर्णच राहिली.

या द्रोणीच्या इतिहासास खरे वळण नंतर मिळाले. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्टाची आशियाशी टक्कर होऊ लागली आणि द्वीपकल्पात दूरवर दाब पसरला. कच्छमधील पूर्व-पश्चिम प्रस्तरभंग या दाबाच्या दिशेस आडवे येत असल्याने ते उलट दिशेने सरकू लागले. पूर्वी खचलेले भाग उचलले गेले आणि त्यांचे डोंगर झाले. रणातील पच्छम, खदीर, बेला ही बेटे आणि कच्छच्या मुख्य भूमीवरील डोंगररांगा या अशाच उचललेल्या भागांच्या कडा होत. पच्छमवरील सुमारे ४६० मीटर उंचीचा काळा डुंगर हे कच्छमधील सर्वोच्च ठिकाण एकेकाळच्या समुद्रतळावरील खडकांचेच बनलेले आहे. हडप्पा संस्कृतीतील धोळावीरा हे नगर खदीर बेटावर वसले होते.

हे व्युत्क्रमण आजही थांबलेले नाही. १६ जून १८१९ रोजीच्या भूकंपात रणामध्ये सुमारे ८० किलोमीटरहून अधिक लांबीचा आणि काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत उंचीचा बांध आपोआप उभा राहिला. लोकांनी त्यास 'अल्लाह बंद' असे नाव दिले. त्याच वेळी सिंद्री येथील किल्ल्याचा परिसर पाण्याखाली गेला. चार्ल्स लायेल यांनी आपल्या भूविज्ञानविषयक ग्रंथात या घटनेची नोंद घेतली. १९५६ साली अंजार येथे आणि २६ जानेवारी २००१ रोजी भचाऊच्या परिसरात पुन्हा मोठे भूकंप झाले. २००१ च्या भूकंपाची तीव्रता ७.७ इतकी होती आणि त्यात हजारो लोक मृत्युमुखी पडले. दाबामुळे होणाऱ्या उलट प्रस्तरभंगाची ती हालचाल होती. तरीही मूळ भेग भूपृष्ठापर्यंत स्पष्टपणे आली नाही. भूपट्टाच्या सक्रिय सीमेपासून शेकडो किलोमीटर अंतरावर असलेल्या प्रदेशात एवढी ऊर्जा साठण्यामागे त्या प्रदेशाचा जुना भ्रंशित पाया हे महत्त्वाचे कारण मानले जाते.

कच्छमधील व्युत्क्रमणाचा आणखी एक परिणाम संभवतो. तेल साठविणारे थर उचलले जाऊन झिजले की त्यांतील तेल व वायू निसटण्याची शक्यता वाढते. खंबायतच्या तोडीचे तेलक्षेत्र कच्छच्या भूमीवर मिळाले नाही, यामागील एक कारण असे दिले जाते.

५. खंबायत : गाळाने भरलेली द्रोणी

कच्छच्या पूर्वेस, राजस्थानच्या दक्षिण सीमेपासून मेहसाणा, अहमदाबाद, भरूच या पट्ट्यातून खंबायतच्या आखातापर्यंत सुमारे ४२५ किलोमीटर लांबीची एक अरुंद द्रोणी पसरली आहे. वरून पाहता हे केवळ सपाट मैदान वाटते. एकही डोंगर अथवा कडा तिचे अस्तित्व सुचवीत नाही. मात्र या मैदानाखाली दख्खनचा बेसाल्ट खडक काही ठिकाणी पाच किलोमीटरपेक्षा अधिक खोल गेलेला आहे आणि त्यावर तृतीयक काळातील गाळाचे थर आहेत.

कच्छमध्ये जुरासिक गाळाचे महत्त्व आहे, तर खंबायतमध्ये बेसाल्टनंतरच्या गाळाचे. प्रथम कडेच्या बेसाल्टची झीज होऊन आलेला भरड गाळ साचला. त्यानंतर पॅलिओसीनच्या उत्तरार्धात आणि इओसीनच्या आरंभी समुद्र आत शिरला व काळ्या, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा शेलचा जाड थर तयार झाला. हाच या द्रोणीतील तेलाचा प्रमुख जनक खडक होय. इओसीन काळातच प्राचीन नर्मदेसारख्या नद्यांनी त्रिभुज प्रदेश उभारून वालुकाश्माचे थर टाकले. हे वालुकाश्म साठवण खडक ठरले आणि त्यांवरील शेलने झाकणाचे काम केले. पातळ भूकवचामुळे येथील भूगर्भीय उष्णता अधिक असून ती सेंद्रिय द्रव्याचे तेलात रूपांतर होण्यास साहाय्यभूत ठरली. जनक, साठवण आणि आच्छादक असे तिन्ही खडक योग्य क्रमाने येणे हा येथील यशाचा पाया आहे. १९५८ साली खंबायतजवळ लुणेज येथे आणि १९६० साली अंकलेश्वर येथे लागलेल्या शोधांनी स्वतंत्र भारताच्या तेल उद्योगास निर्णायक चालना दिली.

तथापि ही द्रोणीही एकजिनसी नाही. तिला आडवे छेदणाऱ्या प्रस्तरभंगांमुळे तिचे पाच गट पडले आहेत आणि प्रत्येक गट वेगवेगळ्या प्रमाणात खचला आहे. दक्षिणेकडील अंकलेश्वरचे तेल हलके, तर उत्तरेकडील मेहसाणा जिल्ह्यातील बलोल व संथाल येथील तेल इतके दाट की ते वाहते करण्यासाठी जमिनीखालीच त्याचा काही भाग जाळण्याचे तंत्र वापरावे लागले. केवळ काही शे किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक पडतो, हे लक्षणीय आहे.

भूकंपाच्या दृष्टीनेही खंबायतची भूमिका वेगळी आहे. येथील मुख्य प्रस्तरभंग उत्तर-दक्षिण दिशेचे असल्याने उत्तरेकडून येणाऱ्या दाबास ते कच्छइतके आडवे येत नाहीत. म्हणून ही द्रोणी व्युत्क्रमित झाली नाही. परंतु ती सुरक्षित आहे असा याचा अर्थ नव्हे. २००१ साली भूकंपकेंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. बांधकामातील उणिवा हे त्याचे एक कारण होते. शहराखालील जाड, सैल गाळामुळे कंपने तीव्र झाली, हे दुसरे. एका द्रोणीत निर्माण झालेल्या भूकंपाची हानी अशा प्रकारे दुसऱ्या द्रोणीतील गाळाने वाढविली.

६. नर्मदा-तापी : भूखंडाच्या पोटात शिरलेली खच

नर्मदेची खच किनाऱ्यास समांतर नसून जवळजवळ काटकोनात भूखंडाच्या आत शिरलेली आहे. तिच्या मुळाशी असलेला दुर्बल पट्टा अतिप्राचीन असून तो वेळोवेळी पुन्हा सक्रिय झाला आहे. क्रिटेशस काळात या पट्ट्यातून समुद्राची एक चिंचोळी शाखा पूर्वेकडे आली. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील बाघ परिसरात सापडणारे सागरी जीवाश्म हा त्याचा पुरावा होय. दख्खनच्या लाव्हाने पुढे यातील बराच भाग झाकून टाकला. येथे भूखंड पूर्णपणे दुभंगला नाही आणि खंबायतप्रमाणे तृतीयक गाळाचा सागरी संचयही झाला नाही.

सातपुड्याच्या दक्षिणेस तापी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांत याच संरचनेचा विस्तार आढळतो. अमरावती जिल्ह्यातील गाविलगडच्या पायथ्याशी असलेल्या प्रस्तरभंगाच्या दक्षिणेस जमीन खचून तीत शेकडो मीटर जाडीचा गाळ साचला आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा याच गाळावर आहे. तेथील शेतकऱ्यास भेडसावणाऱ्या खाऱ्या भूजलाचा विचार करताना या खोलगट, बंदिस्त द्रोणीची रचना ध्यानात घ्यावी लागते. जळगाव जिल्ह्यातील उनपदेव येथील गरम पाण्याचा झराही सातपुड्याच्या याच प्रस्तरभंगयुक्त पायथ्याशी आहे.

या पट्ट्यातील भूकंपांचे स्वरूप कच्छपेक्षा निराळे आहे. १९३८ चा सातपुडा परिसरातील आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप हे दोन्ही भूकवचाच्या तळाजवळ झाले. जबलपूरच्या भूकंपाची तीव्रता ५.८ आणि खोली सुमारे ३५ किलोमीटर होती. १९७० साली भरूच येथे झालेला भूकंप नर्मदा आणि खंबायत या दोन खचींच्या छेदनक्षेत्रात झाला. अशा छेदनबिंदूंवर ताण एकवटतो, असे मानले जाते.

७. मुंबई सागरी क्षेत्र : उंचवट्याचे भाग्य

खंबायतची द्रोणी दक्षिणेकडे समुद्राखाली विस्तारते. येथे धारवाड दिशेचे उंचवटे आणि खोलगट भाग यांना नर्मदेच्या दिशेचे प्रस्तरभंग छेदतात आणि तळाची रचना ठोकळ्यांच्या मांडणीसारखी होते. त्यातील एक उंच ठोकळा म्हणजे मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील मुंबई हाय, पूर्वीचे बॉम्बे हाय. १९७४ साली 'सागर सम्राट' या वेधन जहाजाने येथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले.

खंबायतमध्ये तेल वालुकाश्मात आहे, तर मुंबई हाय येथे ते प्रामुख्याने मायोसीन काळातील चुनखडकात आहे. हा फरक गाळाच्या पुरवठ्यामुळे पडला. नर्मदा आणि तापी यांनी आणलेला चिखल आणि वाळू ईशान्येकडील सुरतच्या खोलगट भागात अडून राहिली. उंचवट्यावरील समुद्र उथळ आणि स्वच्छ राहिला. कवचधारी सूक्ष्मजीव आणि शैवाल अशा पाण्यात भरभराटीस येतात. त्यांच्या अवशेषांपासून सच्छिद्र चुनखडक तयार झाला. लगतच्या खोलगट भागांतील सेंद्रिय शेलमध्ये तेल निर्माण झाले आणि ते वर चढत या उंचवट्यात येऊन साठले. थोडक्यात, खोल भागांनी तेल दिले आणि उंच भागाने ते सांभाळले.

८. कोकण ते केरळ : गाळाविना राहिलेली कडा

वेंगुर्ल्याच्या समुद्रातील एक उंचवटा मुंबई सागरी क्षेत्रास दक्षिणेकडील कोकण-केरळ द्रोणीपासून वेगळे करतो. येथून पुढे सीमेचे स्वरूप पालटते. खंबायतच्या आखातासमोर भूखंड मंच अथवा समुद्रबूड जमीन ३०० किलोमीटरहून अधिक रुंद आहे. केरळच्या दक्षिण भागासमोर ती सुमारे ६० किलोमीटरपर्यंत अरुंद होते.

याचे एक प्रमुख कारण सह्याद्रीच्या जलविभाजकात आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ आणि कृष्णा महाबळेश्वर येथे, म्हणजे अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत उगम पावते; तरीही या नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळतात. महाराष्ट्राच्या पठाराची माती अशा रीतीने आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी द्रोणीत जमा होते. कोकणातील नद्या आखूड असून त्यांचे पाणलोट क्षेत्र लहान आहे. पश्चिम कडेच्या दक्षिण भागास त्यामुळे मोठ्या नदीचा गाळ फारसा मिळाला नाही. शिवाय या भागाची कडा मादागास्कर अलग होताना, म्हणजे आधीच्या काळात घडली आणि तिचा ताण व खचण्याचा इतिहास उत्तरेपेक्षा वेगळा राहिला.

किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात लक्ष्मी कटक नावाची बुडालेली रांग आहे. अनेक संशोधक तिला भारतापासून तुटू पाहणारा भूखंडाचाच तुकडा मानतात. ती आणि किनारा यांमधील लक्ष्मी द्रोणीत २०१५ साली आंतरराष्ट्रीय सागरतळ संशोधन कार्यक्रमाच्या ३५५ व्या मोहिमेने वेधन केले. या द्रोणीचा तळ सागरी कवचाचा की ताणलेल्या भूखंडाचा, याविषयी अभ्यासकांत मतभिन्नता आहे.

९. भिन्नतेची कारणमीमांसा

वरील विवेचनावरून पाच घटक ठळकपणे पुढे येतात. पहिला घटक म्हणजे प्राचीन खडकांची ठेवण होय. द्रोणीची दिशा तिने ठरविली आणि दिशेवरून पुढील दाबास द्रोणी कसा प्रतिसाद देणार हेही निश्चित झाले. दुसरा घटक म्हणजे काळ. कच्छमध्ये ताण आधी आला आणि आधीच विरला. खंबायतमध्ये तो उशिरा आला आणि खचणे दीर्घकाळ चालू राहिले. तिसरा घटक ज्वालामुखीक्रिया असून दख्खनच्या लाव्हाने काही द्रोणींचा तळ घडविला, तर काहींचा जुना गाळ झाकला. गाळाचा पुरवठा हा चौथा घटक होय. नदी कोठे मिळते यावरून वालुकाश्म की चुनखडक, जाड थर की पातळ, हे ठरले. पाचवा घटक म्हणजे हिमालयाच्या निर्मितीबरोबर आलेला दाब. त्याने कच्छ उचलला, परंतु खंबायतला फारसे हलविले नाही.

या घटकांपैकी कोणताही एक घटक एकट्याने पुरेसे स्पष्टीकरण देत नाही. त्यांचा क्रम आणि परस्परसंबंध निर्णायक असतो. खंबायतमधील जनक शेल वालुकाश्मानंतर साचली असती, अथवा मुंबई हायच्या उंचवट्यावर तापीचा चिखल पसरला असता, तर या क्षेत्रांचे आर्थिक महत्त्व निराळे झाले असते.

१०. 'निष्क्रिय' या संज्ञेचा पुनर्विचार

निष्क्रिय भूखंडसीमा ही संज्ञा तिथे भूपट्टांची सीमा नाही, एवढेच सांगते. अध्यापनात मात्र तिचा अर्थ 'हालचाल नसलेला, म्हणून निर्धोक प्रदेश' असा घेतला जाण्याचा धोका असतो. कच्छच्या अनुभवाने हा अर्थ खोटा ठरविला आहे. त्याच वेळी कच्छचा अनुभव जसाच्या तसा संपूर्ण किनाऱ्यास लागू करणेही शास्त्रीय ठरणार नाही.

महाराष्ट्राचा किनारा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. पनवेलच्या परिसरात लाव्हाचे थर पश्चिमेकडे स्पष्टपणे वाकलेले आहेत. भूखंडाची कडा खचताना हे वाकणे झाले, असे मानले जाते. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ आणि राजापूरपर्यंत उष्णोदकाचे झरे किनाऱ्यास साधारण समांतर अशा पट्ट्यात आढळतात. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरात लहान भूकंपांची दीर्घ मालिका अनुभवास आली. १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयाशी निगडित मानला जात असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. या सर्व घटनांना 'निष्क्रिय सीमा' या एका शब्दाने झाकणे जितके अयोग्य, तितकेच त्यांना 'दुसरा कच्छ' संबोधणे अयोग्य होय. प्रत्येक ठिकाणचा प्रस्तरभंग, त्याची दिशा, त्यावरील गाळ आणि आजचा दाब यांचा स्थानिक अभ्यास होणे अगत्याचे आहे. बांधकामाचे नियम, भूजलाचे नियोजन आणि मोठ्या प्रकल्पांची स्थाननिश्चिती यांचा आधार हा अभ्यास असावयास हवा.

महाविद्यालयीन पातळीवर हा विषय केवळ भूगोलाच्या तासापुरता ठेवण्याचे कारण नाही. खारपाणपट्ट्यातील पाणी रसायनशास्त्राच्या, अहमदाबादमधील इमारतींची हानी भौतिकशास्त्र व स्थापत्याच्या, तर अंकलेश्वर व मुंबई हायचे उत्पादन अर्थशास्त्राच्या अभ्यासकास याच मुळाकडे घेऊन येते.

११. निष्कर्ष

भारताची पश्चिम भूखंडसीमा एकाच महाखंडाच्या विभाजनातून जन्मास आली असली तरी तिच्यावरील खचद्रोणींनी स्वतंत्र मार्ग अनुसरले. कच्छ खचला आणि पुन्हा उचलला गेला. खंबायत खचत आणि भरत राहिले. नर्मदेची खच भूखंडाच्या आतच थांबली. मुंबईसमोरील उंचवट्याने चुनखडकाचे भांडार उभारले आणि दक्षिणेकडील कडा गाळाच्या अभावी अरुंद राहिली. उगमाच्या साम्यावरून परिणामांचे साम्य गृहीत धरता येत नाही, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होय. तेलाचा शोध घेणाऱ्यास या निष्कर्षाचा लाभ होतो. भूकंपप्रवण प्रदेशात घर बांधणाऱ्यासाठी तर तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.